रक्त कुठून येतंय, ते आधी सांगा

केस पेपर इकडे द्या आणि सगळे बसा. राऊंड उशिरा सुरू झाला तरी चालेल.

हे गृहस्थ ५२ वर्षांचे. जन्मापासून हिमोफिलिया ए, फॅक्टर ८ ची पातळी ३ टक्के, म्हणजे मध्यम प्रकार. लघवीतून लाल रक्त जातंय, दुखत मात्र काहीच नाही, अशी तक्रार घेऊन ते ९ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ओपीडीत आले. नंतर आणखी ५ वेळा आले. सहाही पानांवरचं अक्षर वेगळं, सही वेगळी, मजकूर मात्र तोच: हिमोफिलियाचा जुना रुग्ण, फॅक्टर दिला, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, घरी सोडलं. सोनोग्राफी झाली ती थेट गेल्या आठवड्यात. मूत्राशयात गाठ आहे. कालचा एमआरआय सांगतो की ती स्नायूच्या थरात शिरली आहे. अस्तरापुरती असती तर दुर्बिणीतून खरवडून काढता आली असती. आता मूत्राशयच काढण्याबद्दल बोलावं लागणार, आणि ते बोलणं त्यांच्या बायकोसमोर बसून मला करायचं आहे.

या सहा पानांत ‘तंबाखू’ हा शब्द कुठे आहे, दाखवा. नाही ना? मी आज सकाळी विचारलं. विशीपासून बिडी ओढतात. तंबाखूचा धूर हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण, हे तुम्हा प्रत्येकाला परीक्षेत लिहिता येतं. समोर माणूस बसला की ते ज्ञान जातं कुठे?

‘हिमोफिलियात लघवीतून रक्त जातंच, मॅडम,’ असं मघाशी तुमच्यातून कोणीतरी म्हणालं. जातं. पुष्कळदा कारण न सापडता जातं आणि आपोआप थांबतं, हेही खरं. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वेदनेशिवाय लाल लघवी झाली, तर कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो असू शकतो असं धरून चालायचं, हा नियम तुम्ही माझ्याच तोंडून ऐकला आहे. हिमोफिलिया असलेल्यांना मी त्या नियमातून वगळलं नव्हतं. तुम्ही वगळलंत.

हिमोफिलिया आपल्याला एवढंच सांगतो की सुटलेलं रक्त लवकर का थांबत नाही. ते कुठून सुटलं आणि कशानं सुटलं, याचं उत्तर त्या नावात नाही. फॅक्टर दिल्यावर रक्त थांबलं, म्हणून कारण हिमोफिलियाच, असा निष्कर्ष तुम्ही काढलात. गाठीवरची रक्तवाहिनी फुटली असेल तर तीही फॅक्टर दिल्यावर थांबते. फॅक्टरला गाठ आणि साधी इजा यांतला फरक कळत नाही, तो डॉक्टरला कळायला हवा. आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट ऐका. ज्याचं रक्त नीट गोठतं त्याच्या शरीरात लहानशी गाठ पुष्कळ दिवस गप्प राहू शकते. ज्याचं गोठत नाही त्याची गाठ लहान असतानाच वाहू शकते. म्हणजे या माणसाच्या आजारानं आपल्याला कदाचित वेळेआधीच खबर दिली होती. तीच खबर तुम्ही त्याच आजाराच्या नावाखाली फाईल केलीत.

तुम्हाला या सगळ्याची सवय नाही, कारण या रुग्णांचा कर्करोग हा प्रश्नच तसा नवा आहे. स्वीडनच्या जुन्या नोंदी पाहा: १८३१ ते १९२० या काळात तीव्र हिमोफिलियाच्या रुग्णांचं आयुर्मान ११ वर्षांच्या आसपास होतं. कर्करोगाच्या वयापर्यंत कोणी पोचतच नव्हतं. १९६० च्या दशकाच्या मध्यात जुडिथ पूल यांनी क्रायोप्रेसिपिटेटचा मार्ग दाखवला, पुढे फॅक्टरची पावडर आली, आणि ही मुलं मोठी होऊ लागली, नोकरीला लागली, आजोबा झाली. आता त्यांना इतर आजोबांचे सगळे आजार होणार: प्रोस्टेट, आतडं, फुप्फुस, तोंड. आपली पाठ्यपुस्तकं अजून लहान मुलाच्या सुजलेल्या गुडघ्यापाशी थांबलेली आहेत. म्हणून तुम्हीही तिथेच थांबायचं, असा त्याचा अर्थ होत नाही.

तोंडाचं सांगते, कारण ते आपल्याच भागाचं दुखणं आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे आणि तंबाखू-चुना, मावा, गुटखा आपल्या ओपीडीतल्या निम्म्या खिशांत असतो. हिमोफिलियाचा रुग्ण दात काढायला घाबरतो, दंतवैद्य त्याला हात लावायला घाबरतो, मग वर्षानुवर्षं त्याच्या तोंडात बॅटरी मारून कोणी बघत नाही. हिरडीतून रक्त येतं म्हणाला की आपण ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची चूळ लिहून देतो. पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, कमी उघडणारं तोंड, हे बघायला तोंड उघडायला सांगावं लागतं. त्याला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही. सांगत चला.

आणि अंगावरचे ठिपके. मागच्या महिन्यात एका पोराच्या पायावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते आणि तुमच्यातल्या एकानं ‘हिमोफिलियाचे डाग’ असं लिहिलं. फॅक्टर कमी असला की रक्त खोल साचतं, सांध्यात, स्नायूत. मोठे निळे-काळे डाग पडतात. बारीक लाल ठिपके हे प्लेटलेटचं लक्षण आहे. हिमोफिलियाच्या मुलाला ठिपके आले तर त्याच दिवशी सीबीसी, स्मिअर आणि स्मिअर स्वतः डोळ्यांनी बघणं. डेंग्यू असेल, औषधाचा परिणाम असेल, ल्युकेमिया असेल. त्या मुलाला डेंग्यूच निघाला. पण ‘हिमोफिलियाचे डाग’ लिहिणाऱ्या हाताला तेव्हा हे माहीत नव्हतं.

आता बायका. हे रुग्ण म्हणजे पुरुषच, असं तुमच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत सर्वांत जास्त आढळणारा व्हॉन विलेब्रांड आजार बायकांना आणि पुरुषांना सारखाच होतो. एरिक व्हॉन विलेब्रांड यांनी तो पहिल्यांदा मांडला १९२६ मध्ये, बाल्टिक समुद्रातल्या आलंड बेटांवरच्या एका कुटुंबाचा अभ्यास करून. ज्या मुलीपासून तो अभ्यास सुरू झाला ती तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीच्या वेळी, रक्त वाहून गेली. शंभर वर्षं होत आली आणि आजही अशा बाईला आपण काय सांगतो? ‘तुमचं असंच असतं.’ तिला आयुष्यभर जड पाळीची सवय होते, आईलाही तसंच, मावशीलाही तसंच, म्हणून ती तक्रारच करत नाही. मग पंचेचाळिशीत पाळी बिघडते, पाळी गेल्यावर दोन वर्षांनी पुन्हा डाग दिसतो, आणि आपण तोही त्याच खात्यात जमा करतो. पाळी गेल्यानंतरचं रक्त म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी. व्हॉन विलेब्रांड असो, ग्लान्झमन असो, हिमोफिलियाची वाहक असो. ‘घरी विचारून येते’ असं ती म्हणाली तर तिच्या सासूशी, नवऱ्याशी मी बोलेन, पण तपासणी पुढे ढकलायची नाही.

मला जास्त राग येतो तो याच्या पुढच्या पायरीचा. गाठ दिसल्यावर तुम्ही काय केलंत? सर्जरीवाल्यांनी लिहिलं, ‘रक्तस्रावाचा धोका, बायोप्सी नको.’ तुम्ही त्याखाली सही केलीत. तुकडा न काढता उपचार कशाचा करणार? कर्करोगाचा प्रकार कळल्याशिवाय कोणता विभाग त्याला हात लावेल? बायोप्सी टाळून तुम्ही त्याला रक्तस्रावापासून वाचवलं नाहीत. त्याला निदानापासून दूर ठेवलंत.

खडू घ्या, फळ्यावर लिहा. वजन ६० किलो. प्रत्येक किलोमागे १ युनिट फॅक्टर ८ दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. शंभराच्या जवळ न्यायची तर ६० गुणिले १०० गुणिले अर्धा, म्हणजे ३,००० युनिट. हिमोफिलिया बी असता तर फॅक्टर ९ लागला असता आणि तिथे १ युनिटमागे साधारण १ टक्काच वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. फॅक्टर ८ चं अर्धं प्रमाण ८ ते १२ तासांत उतरतं, म्हणून एक डोस देऊन शांत बसायचं नाही. पातळी मोजायची आणि पुढचा डोस ठरवायचा. दिलेला डोस आणि चढलेली पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर ३,००० लिहून काम होत नाही, रक्तात किती आलं ते बघावं लागतं. त्याआधी इनहिबिटरची तपासणी, कारण शरीरानं फॅक्टरविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार केली असतील तर ओतलेला फॅक्टर वाया जातो. मग रिकॉम्बिनंट फॅक्टर ७ए किंवा फेबा यांचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. तोंडाच्या किंवा आतड्याच्या प्रक्रियेला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जोडीला चालतं. लघवीतून रक्त जात असताना मात्र ते टाळा, मूत्रनलिकेत गुठळी अडकून मूत्रपिंड बंद पडू शकतं. कोलोनोस्कोपीत पॉलिप काढला असेल तर खपली आठवड्यानं, कधी दोन आठवड्यांनीही सुटते. त्या दिवसांचा फॅक्टर कोण देणार हे रुग्ण घरी जाण्याआधी ठरलेलं हवं. सौम्य हिमोफिलिया ए असेल, किंवा व्हॉन विलेब्रांडचा पहिला प्रकार असेल, तर डेस्मोप्रेसिननंही काम भागू शकतं, पण त्याची चाचणी आधी करून ठेवलेली असली पाहिजे आणि सोडियमकडे लक्ष हवं.

एवढंच आहे ते. गणित आठवीच्या मुलाला येईल असं आहे. त्यासाठी ९ महिने लागत नाहीत, एक दुपार लागते आणि चार फोन लागतात: रक्तपेढी, लॅब, सर्जन आणि हिमोफिलिया डेकेअर.

आपल्याकडे सोय नाही, हे मला सांगू नका. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर १९४१ पासून टाटा मेमोरियल उभं आहे. रक्त गोठण्याचं बारीकसारीक जाणणारी माणसं आणि कर्करोगाचं जाणणारी माणसं एका मोहल्ल्यात बसली आहेत. आपण जिल्ह्यात आहोत, मान्य. म्हणूनच रुग्णाला पाठवण्याआधी दोन्हीकडे बोलून, त्याच्या हातात पूर्ण कागद देऊन पाठवायचं. ‘टाटाला जा’ एवढं म्हणून एसटी स्टँडवर सोडलेला हिमोफिलियाचा रुग्ण तिथल्या रांगेत पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो, आणि सोबत फॅक्टर नसतो.

उलट चूकही होते, तीही सांगून ठेवते. हिमोफिलियात वर्षानुवर्षं एकाच जागी रक्त साचत राहिलं की हाडात किंवा स्नायूत मोठा गोळा तयार होतो, त्याला स्यूडोट्यूमर म्हणतात. तो फोटोत थेट सार्कोमासारखा दिसू शकतो. तयारी न करता त्यात सुई घातली तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कधी पाय गमावण्याची वेळ. म्हणून एमआरआय आधी, फॅक्टरची पूर्ण तयारी आधी, आणि जिथे हे नेहमी पाहतात तिथेच सुई. पण याचीच दुसरी बाजू विसरू नका. मांडीतली सूज आहे, फॅक्टर भरपूर दिला, तीन आठवडे झाले, ती कमी होत नाही किंवा वाढतेय, तर ‘जुनं रक्त आहे, शोषलं जाईल’ असं लिहून सोडायचं नाही. योग्य डोसनंतरही न विरणारं रक्त पुन्हा तपासलं गेलं पाहिजे, कारण क्वचित त्या रक्ताच्या मागे खरोखर सार्कोमा असतो.

आता काही जणांना एमिसिझुमॅब मिळतं. त्यांचा एपीटीटी नॉर्मल येतो. तो खोटा नॉर्मल असतो. ते औषध त्या चाचणीला फसवतं, फॅक्टर वाढवत नाही. एपीटीटी नॉर्मल बघून ‘आता सर्जरी करायला हरकत नाही’ असं कोणी लिहिलं, तर पुढचा रक्तस्राव त्याच्या सहीचा असेल. त्या रुग्णाची फॅक्टर पातळी गाईच्या प्रथिनांवर आधारित क्रोमोजेनिक पद्धतीनंच मोजावी लागते, आणि फेबा या औषधासोबत देताना रक्ताच्या गुठळ्यांची भीती असते. कोणत्या औषधावर आहे, हा प्रश्न केस पेपरच्या पहिल्या ओळीत हवा.

घाबरण्याबद्दल आणखी एक. तुम्हाला वाटतं, हिमोफिलिया आहे म्हणजे याला गुठळी होणारच नाही. कर्करोग रक्त घट्ट करतो, शस्त्रक्रिया करते, मध्यशिरेत घातलेली नळी करते, आणि आपण फॅक्टर भरून पातळी दीडशेच्या वर नेली तर आपणही करतो. जास्त देणं म्हणजे जास्त काळजी घेणं नव्हे. केमो सुरू झाली की प्लेटलेट उतरतात, आणि तेव्हा नियमित फॅक्टर चालू ठेवावा लागेल. स्नायूत इंजेक्शन नाही, डायक्लोफेनॅक नाही, ॲस्पिरिन नाही. हे नर्सिंग स्टाफला तोंडी सांगायचं नाही, खाटेच्या डोक्याशी ठळक अक्षरात लावायचं.

नव्यानं आलेल्या रुग्णांबद्दल एक ओळ: साठीनंतर, घरात कोणालाच हा आजार नसताना, अचानक अंगभर निळे डाग पडले आणि एपीटीटी लांबला, तर जन्मजात हिमोफिलिया शोधू नका. प्रतिद्रव्यांमुळे नव्यानं झालेला हिमोफिलिया शोधा, आणि त्याच्या मागे कर्करोग आहे का तेही शोधा. अशा रुग्णांपैकी साधारण दहांतल्या एकात तो सापडतो.

आता यकृताकडे या. इथे मी तुम्हाला सोडणार नाही, कारण इथे तुम्हाला सगळं आधीपासून माहीत असायला हवं होतं.

१९७० च्या दशकात फॅक्टरची पावडर हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायची. एक दाता बाधित असला की सगळी बॅच बाधित. १९८५ च्या आसपास उष्णतेनं निर्जंतुक केलेले फॅक्टर येईपर्यंत जगभर हजारो हिमोफिलियाच्या रुग्णांना एचआयव्ही आणि हिपॅटायटीस सी झाला. ब्रिटनमध्ये या प्रकरणाची चौकशी इतकी वर्षं रेंगाळली की तिचा अंतिम अहवाल २० मे २०२४ ला आला. आपल्याकडे पावडर थोड्यांनाच परवडायची. आपली मुलं क्रायो आणि प्लाझ्मावर वाढली, ते रक्तपेढीतून आलं, आणि हिपॅटायटीस सीचा विषाणू मुळात ओळखला गेला तोच १९८९ मध्ये. त्याआधीच्या एकाही पिशवीची त्याच्यासाठी तपासणी झालेली असणं शक्यच नव्हतं. आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्या लहानपणी हे रक्त त्यांच्या अंगात गेलेलं आहे, दरवेळी गुडघा सुजला तेव्हा.

हा विषाणू वीस-तीस वर्षं काही बोलत नाही. यकृत हळूहळू कडक होतं, सिरॉसिस होतो, आणि मग गाठ. या रुग्णांत यकृताच्या कर्करोगानं होणारे मृत्यू इतरांपेक्षा जास्त का, याचं उत्तर त्यांच्या जनुकात शोधू नका. ते आपण दिलेल्या पिशवीत आहे. आपण म्हणजे वैद्यकानं. म्हणून या माणसांचं आपण देणं लागतो आणि ते देणं टाळायला तुम्हाला कोणी मुभा दिलेली नाही.

आता औषध आहे. सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, दहांतले नऊहून अधिक बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि हे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. एवढं असून आपल्या हिमोफिलिया रजिस्टरमध्ये चाळिशीच्या पुढच्या कित्येक नावांसमोर हिपॅटायटीस सीचा रकाना कोरा आहे. काल रात्री मी ते रजिस्टर घरी नेऊन पानापानानं पाहिलं. फॅक्टर किती दिला, कोणत्या बॅचचा, सगळं नीट लिहिलेलं आहे. यकृत कोणी पाहिलं नाही.

आणि ज्यांचा विषाणू गेला ते मोकळे झाले असंही समजू नका. सिरॉसिस झाल्यावर विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका उरतो. त्यांना दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी, सोबत एएफपी. हे आयुष्यभर. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पुढच्या वेळी टाळायचं नाही, आणि बंद करा असं मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही.

रजिस्टर टेबलावर आहे. आपापसात पानं वाटून घ्या. २००० सालाआधी ज्यांना रक्त, प्लाझ्मा किंवा क्रायो मिळालं असेल त्यांना आज दुपारी फोन लावा. नंबर लागत नसेल तर घरच्या पत्त्यावर पत्र, आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या आशाताईंकडून निरोप. अँटी-एचसीव्ही, पॉझिटिव्ह आला तर व्हायरल लोड, यकृताचा फायब्रोस्कॅन. लघवीतून, संडासवाटे किंवा तोंडातून रक्त येतं असं ज्यांच्या पानावर कधीही लिहिलेलं आहे आणि कारण लिहिलेलं नाही, त्यांची वेगळी यादी. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला तंबाखू विचारा आणि त्यांचं तोंड बघा. ज्यांचं यकृत कडक झालेलं निघेल त्यांच्या पुढच्या सोनोग्राफीची तारीख, महिना आणि वारासकट, शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर हवी. ‘सहा महिन्यांनी या’ असं लिहिलेला कागद मी परत पाठवेन.